कडक भाकरी घरात असताना ओट्स कशाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जुळे सोलापुरात नुकत्याच राहायला आलात, मिस्टर सातला चिंचोळी एमआयडीसीला निघतात, मुलाच्या शाळेची गाडी सव्वासातला येते, तुमचं ऑफिस साडेनऊचं आणि घरात सासूबाईंना शुगर. रोज पोहे नाहीतर चहा-बिस्किट होतंय, तर ओट्स सुरू करावेत का, असं विचारलंय.

साधे, बिनमसाल्याचे ओट्स आवडत असतील तर खुशाल खा, वाईट काहीच नाही त्यात. पाकिटातले मसाला ओट्स मात्र राहू द्या, त्यात मीठ फार असतं. पण ओट्स आणले तरी तुमची सकाळची धावपळ तशीच राहणार. दहा मिनिटांत होतात म्हणतात त्या पोह्यांचंच बघा. कांदा चिरणं, फोडणी, एकाला गरम पाहिजे आणि दुसरा अजून आंघोळीत, वर कढई घासणं. अर्धा तास कुठं जातो कळत नाही. म्हणून माझं सांगणं एकच, सकाळी सातच्या आत काही शिजवायला घ्यायचं नाही. शिजवायचं ते आदल्या रात्री किंवा रविवारी, सकाळी नुसती जुळवाजुळव. आणि त्यासाठी सोलापूरसारखं गाव नाही.

पहिला मान कडक भाकरीला. बाहेरच्यांना ती प्रवासात न्यायची वस्तू वाटते, इथं ती रोजचं खाणं आहे. ज्वारीची पातळ भाकरी भाजून मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवलेली असते. पाणी राहतच नाही, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात कितीतरी दिवस टिकते. बचत गटांच्या बायका करतात, दुकानातही मिळते. घेताना एक तुकडा मोडून बघा, कट्कन मोडली पाहिजे. वातड लागली तर हवा लागलेली आहे, घेऊ नका.

सकाळी वाडग्यात भाकरी चुरायची, त्यावर दही, दोन चमचे शेंगाची चटणी, असला तर कांदा. झाला नाष्टा. दही नसेल तर रात्रीची आमटी गरम करून ओता. मुलाला तिखट चालत नसेल तर दूध आणि गूळ घालून द्या. थोडं मुरू दिलं की मऊ होतं, पण माझ्या घरात मुरेपर्यंत कुणाला धीर नसतो.

आता हे पौष्टिक कसं ते बघा. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळपास तेवढाच तंतूचा भाग. पोह्यांत दोन्ही कमी. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. म्हणजे 40 ग्रॅम भाकरी, वाटीभर दही आणि 20 ग्रॅम दाण्यांची चटणी धरली तर 12 ग्रॅमच्या घरात जातं, दोन अंड्यांच्या बरोबरीनं. चटणी घरी केलीत तर उत्तमच. दाणे खरपूस भाजायचे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सरवर थांबत थांबत फिरवली तरी चालते, मात्र एकसारखी फिरवत ठेवली की लगदा होतो. दाण्यात तेल भरपूर, तेव्हा वजन बघणाऱ्यांनी दोन चमच्यांवर थांबावं. हे सांगणं सोपं आहे, ते असो.

शाळेच्या डब्याला धपाटे. यातलं सगळं कोरडं पीठ रविवारीच मिसळून डब्यात भरून ठेवा: ज्वारीचं तीन वाट्या, बेसन एक, गव्हाचं एक, वर तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ. रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की त्याच तव्यावर हे पीठ दह्यात भिजवून, हवी तर मेथी किंवा कोथिंबीर घालून, चार धपाटे थापून टाका. दह्यामुळे सकाळपर्यंत मऊ राहतात, नुसते तव्यावर फिरवायचे. कांदा घालून पीठ भिजवून ठेवू नका, कांद्याला पाणी सुटतं आणि सकाळी थापताच येत नाही. डब्यात सोबत दही देऊ नका, दप्तराची वाट लागते. लोणी किंवा चटणी द्या.

मोड आलेली मटकी घरात ठेवाच. इथल्या उन्हाळ्यात मोड यायला दिवससुद्धा लागत नाही. मीठ-हिंग घालून थोडीशी वाफवून फ्रिजमध्ये ठेवली की दोन दिवस बघायला नको. खाताना लिंबू पिळा, त्यानं कडधान्यातलं लोह अंगाला नीट लागतं. चहानं उलट होतं, तेव्हा चहा खाण्याबरोबर न घेता तासाभरानं घ्या. सोलापुरात हे कोण ऐकणार, पण बायकांनी आणि मुलींनी तरी ऐकावं.

इडली करत असाल तर ज्वारीचा रवा तीन भाग आणि उडीद एक भाग, चांगली होते. पण एप्रिल-मेमध्ये पीठ रात्रभर ओट्यावर राहिलं तर आंबट ढाण होतं. पाच-सहा तासांत फुगलेलं दिसलं की फ्रिजमध्ये. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती, चवीला झकास आणि लगेच होणारी, पण नुसत्या चुरमुऱ्यांनी अकरा वाजता परत भूक लागते. डाळवं आणि दाणे मुठीनं घाला, नाहीतर तो संध्याकाळचाच पदार्थ.

मिस्टरांना बसून खायला वेळ नसेल तर आंबील. दोन चमचे ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्री ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून पाच मिनिटं ढवळायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. एवढं एकच मी सकाळी गॅसवर ठेवू देईन. पारा चाळिशीच्या वर गेला की कोरडं घशाखाली उतरत नाही, तेव्हा रात्रीच उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. प्यायचं आणि निघायचं.

सासूबाईंचं जरा जपून. ज्वारी शुगरला चालते असं ऐकून काही जण तीन-तीन भाकऱ्या खातात. तीही धान्यच आहे, पिष्टमय पदार्थ त्यात भरपूर असतात. त्यांना एक छोटी भाकरी, सोबत मटकी आणि दही, असं द्या. गूळ-दूध नको. बीपी असेल तर भाकरीतलं आणि चटणीतलं मीठही मोजा. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर नाष्ट्याची वेळ पुढं ढकलू नका, आणि किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळ कशी जाते ते आतापर्यंत कळलंच असेल तुम्हाला. त्या दिवसासाठी ज्वारीच्या लाह्या आणून ठेवा. दह्यात लाह्या, चिमूटभर मीठ, वर डाळिंबाचे दाणे. डाळिंब आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून सोलायचं, ते काम मिस्टरांना द्या. आपल्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला, दोन्हीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मग आपल्याच ताटात का नसावीत?

ज्वारी घेताना मालदांडी जातीची मागा. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात यायला लागते, वर्षाची भरायची तर तेव्हाच भरा. दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच आणा. जुन्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही, धपाटे थापताना कडा चिरतात आणि वास येतो. मुलाला नक्की काय आवडत नाही तेवढं लिहा, म्हणजे डब्याचं आणखी सांगता येईल.