रात्रीला काय करायचं, हे सकाळीच ठरव

अगं, नोकरी आणि लहान मूल सांभाळून रोज स्वयंपाक करतेस, हेच किती आहे! सुरुवातीला एवढंच कर.

डबे भरतानाच रात्रीचं ठरवून टाक. छोले-राजमा तेव्हाच भिजत पडतात. मोडाची मटकी हवी असेल तर मात्र आदल्या दिवशीच विचार हवा: सकाळी भिजत, रात्री उपसून फडक्यात, दुसऱ्या संध्याकाळी उसळ.

वार बांधून घे. सोमवारी उसळ, मंगळवारी पिठलं-भाकरी, गुरुवारी मुगाची खिचडी. पालेभाजी आणल्यावर दोन दिवसांत संपव. दुधी, कोबी थांबतात.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:

- रविवारीच आठवड्याची भाजी चिरून ठेवणं. मेथी काळी पडते. निवडून, कोरडी करून कागदात गुंडाळ, पुरे.
- "काय करू?" असं घरच्यांना विचारणं. त्याऐवजी "पिठलं की खिचडी?" असं विचार, लगेच उत्तर येतं.
- रोज चारी ठाव स्वयंपाकाचा हट्ट. खिचडी, पापड, ताक हे पूर्ण जेवण आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

आणि थालीपिठाची भाजणी डब्यात कायम असू दे. सातला घरी पोचलीस तरी कांदा, तिखट, कोथिंबीर घालून साडेसातला गरम थालीपीठ ताटात. मसाले करून ठेवणं, फ्रीझर वगैरे महिनाभराने बघू.