माणसे न्याहाळण्याची आवड आणि एका निवृत्त वाहकाची चिंता

"लोकांना बघत बसायला मला आवडते, यात काही विकृती तर नाही ना?" हा प्रश्न घेऊन वेगवेगळ्या वयाची माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. एसटीत वाहक म्हणून उभे आयुष्य काढलेले एक काका याच प्रश्नासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील बदलले आहेत.) निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला आले, दुपारभर गॅलरीत बसू लागले आणि खालून जाणाऱ्यांची चाल, पेहराव, हातातल्या पिशव्या, फोनवर बोलण्याच्या तऱ्हा पाहण्यात रमू लागले. समोरच्या इमारतीतील एक बाई रोज भर उन्हात छत्री घेऊन फाटकापाशी उभ्या असतात, हे त्यांच्या नजरेने टिपले. 'घरात पटत नसावे' असा तर्क त्यांनी शेजाऱ्यांना बोलून दाखवला. तो बाईंच्या कानावर गेला, सोसायटीत तक्रार झाली आणि मुलाने संतापून हा आजार असल्याचे सुनावले.

"मॅडम, सगळा जन्म माणसंच बघितली. आता तेच वाईट ठरलं," काका म्हणाले.

ही आवड आजार नाही, हे मी त्यांना प्रथम स्पष्टपणे सांगितले. माणसाचे जगणे नेहमीच इतर माणसांवर अवलंबून राहिले आहे, त्यामुळे कोण कसा आहे, कोणावर विसंबावे, कोणापासून जपून राहावे, हे ओळखण्याची ओढ आपल्यात खोलवर रुजलेली आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी लोकांची मोकळी संभाषणे अभ्यासली, तेव्हा त्यांतील सुमारे दोन तृतीयांश वेळ माणसांविषयी आणि नात्यांविषयी बोलण्यातच जात असल्याचे आढळले. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील फरक सांगणारे शब्द वेचले, ते जवळजवळ १८,००० भरले. एवढे बारकावे टिपण्यात माणसाला रस नसता, तर इतके शब्द घडलेच नसते.

मग मी त्यांना प्रवाशांविषयी विचारले आणि काका खुलले. सवलतीसाठी वय वाढवून सांगणारे गृहस्थ, खिशात सुटे असूनही मोठी नोट पुढे करणारा, पहिल्यांदाच एकटी माहेरी निघालेली मुलगी, अशी कितीतरी माणसे त्यांना चढतानाच ओळखू येत. त्यांच्या बोलण्यातून मला या प्रकरणातील खरी गोष्ट उमगली. बसमध्ये त्यांचा प्रत्येक अंदाज दोन मिनिटांत तपासला जात असे, कारण प्रवासी तोंड उघडे, तिकीट मागे, कधी भांडे, आणि अंदाज चुकला तर तिथेच कळे. गॅलरीतून दिसणारी माणसे मात्र बोलत नाहीत, म्हणून तिथे बांधलेला अंदाज दुरुस्त होत नाही आणि रोज तेच दृश्य पाहून हळूहळू निकालासारखा पक्का होतो.

त्या बाईंच्या घरात फोनला रेंज येत नाही आणि दुपारी त्या गावाकडच्या आजारी आईशी बोलतात, हे सुनेने नंतर विचारून घेतले. दुसऱ्याच्या वागण्यामागे त्याची परिस्थिती न पाहता त्याचा स्वभाव किंवा घरातील बेबनाव शोधण्याची चूक आपण सारेच करतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये तिला मूलभूत चूक म्हटले. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी मैसूर आणि अमेरिकेतील लोकांची तुलना केली, तेव्हा मैसूरच्या प्रौढांनी कारणे सांगताना परिस्थितीचा उल्लेख अधिक केला. लहान मुलांत मात्र हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. याचा अर्थ परिस्थितीकडे पाहण्याची सवय घडवता येते, आणि समुपदेशनात मला हाच आधार मोलाचा वाटतो.

काकांना मी एक वही ठेवायला सांगितली: डाव्या पानावर जे दिसले ते, उजव्या पानावर जे वाटले ते, आणि उजवे पान कोणालाही सांगायचे नाही. सुरुवातीला त्यांचे डावे पान रिकामेच राहत असे, कारण 'चिडका' किंवा 'आळशी' हे आपल्या डोळ्यांना दिसलेले नाही, हे पटायला त्यांना वेळ लागला. नजर कोणावर खिळवून ठेवू नये, हेही आम्ही बोललो. गर्दीत अनोळखी माणसाची दखल घेऊन नजर वळवणे हे दुसऱ्याला मोकळे राहू देणारे सौजन्य आहे, असे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये मांडले होते.

इतरांना पाहताना ज्यांना सतत स्वतःची उणीव जाणवते किंवा सगळे आपल्यालाच बघत आहेत अशी भीती वाटते, त्यांचा प्रश्न निराळा आहे आणि त्यांनी अवश्य मदत घ्यावी. काकांचे तसे नव्हते. आता ते संध्याकाळी भाजीबाजारात जाऊन बसतात, तिथे माणसे त्यांच्याशी बोलतात. मुलाने आजार हा शब्द मागे घेतला आहे. त्या बाईंची काकांनी माफी मागितली; त्यांनी ती ऐकून घेतली, पण त्या अजून काकांशी बोलत नाहीत, आणि तसे न बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे हे काकांनी मान्य केले आहे.