नवरात्रात जमतं, मग एरवी का नाही?

“सुरू सगळं करते हो, टिकत काहीच नाही.” वडोदऱ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून हे मी सतत ऐकते, बायकांकडून जास्त, पण पुरुषांकडूनही. चालणं, योगासनं, वेळेवर झोप, फरसाण कमी. चार दिवस उत्साह असतो, एक दिवस चुकतो आणि मग सगळंच सुटतं. पुढे मन खात राहतं, आणि माणूस त्यानेच अधिक थकतो.

दांडिया बाजारातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ४५च्या आसपास, शाळेच्या ऑफिसात नोकरी, नवरा कोयलीच्या रिफायनरीत शिफ्ट ड्युटीला, घरात सासूबाई आणि बारावीतला मुलगा. तपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ताईंनी नवे बूट घेतले, पहाटे साडेपाचचा गजर लावला, कमाटीबागेत जाऊ लागल्या. महिनाही झाला नाही तोच ते थांबलं. “माझ्यात चिकाटीच नाही,” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मी विचारलं, नवरात्रात काय करता? चेहरा एकदम खुलला. नऊच्या नऊ रात्री गरबा, रोज अडीच-तीन तास, सकाळी पुन्हा ऑफिस. एक रात्र चुकवत नाहीत. अशा बाईत चिकाटी नाही, हे मला मुळीच पटेना. मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि त्या नऊ रात्री घरात काय काय वेगळं असतं ते लिहून काढलं. त्या दिवशीची सगळी वेळ त्यातच गेली आणि ती सत्कारणी लागली. चनियाचोळी आदल्या दिवशीच काढून ठेवलेली असते. मैत्रिणी खालून हाका मारतात. स्वयंपाक साधा आणि लवकर उरकतो. “जा तू, मी बघते मागचं,” असं सासूबाई आपणहून म्हणतात. आणि देवीचं असल्यामुळे, आपण घर टाकून स्वतःसाठी बाहेर पडतोय असं ताईंच्या मनातही येत नाही.

पहाटेच्या चालण्याला यातला एकही आधार नव्हता. नवऱ्याची पहिली पाळी असली की त्याच वेळी डबा. रात्रपाळी असली की तो सकाळी दमून घरी यायचा, त्याचं चहापाणी. पाळीबरोबर घराचं वेळापत्रक बदलायचं, गजर मात्र साडेपाचलाच वाजायचा.

म्हणून आम्ही घड्याळ सोडलं. पाळी कुठलीही असो, रात्रीचं जेवण होतंच. ओटा आवरला की चपला घालायच्या आणि सूरसागर तलावाच्या बाजूने पंधरा मिनिटं चालून यायचं, एवढंच ठरवलं. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, त्यामुळे ताईंसाठी ही वेळ तशीही चांगली होती. शिवाय शाळेत जाताना रिक्षा एक चौक आधी सोडायची. “एवढ्याने काय होणार?” त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी त्यात सलग दहा मिनिटांची अट होती; २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ती राहिली नाही. म्हणजे जिना आणि चौकाचं अंतरही मोजायचं.

अवघड होतं ते घरी सांगणं. “मी जाऊ का जरा?” असं त्या विचारायच्या, आणि विचारलं की काहीतरी काम निघायचं. “जेवण झालं की मी खाली जाऊन येते, ओटा आज तू पूस,” हे मुलाला सांगण्याचा सराव आम्ही माझ्यासमोर केला. पहिल्यांदा आवाज फुटेना. सासूबाई काही दिवस नाराज होत्या, हेही खरं. ताईंनी वाद घातला नाही आणि जाणं थांबवलंही नाही. मुलगा ओटा पुसू लागला, थोडा कुरकुरत.

मध्ये लग्नसराईत आठवडाभर खंड पडला तेव्हा त्या पुन्हा घाबरल्या. मी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१०चा अभ्यास सांगितला. सवय अंगवळणी पडायला तिथल्या लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यांचा खंड मोठा होता, पण सूत्र तेच: चुकलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, आज ओटा आवरला की निघायचं. त्या निघाल्या. आता रात्रपाळीच्या आठवड्यातही त्यांचं बहुतेक दिवस चालणं होतं.

हे वाचून कुणी स्वतःला ताईंच्या जागी पाहत असेल, तर नऊ रात्रींसारखं आपलं काय टिकतं, ते आधी आठवून लिहा. भजन, क्रिकेट, काहीही. मात्र पुरेशी झोप होऊनही अंग उठत नसेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, तर सवयींच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.