टॉवरमधला एकटा कैदी

प्रश्न : 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेवरून केलेल्या 'ज्युबिली' या श्रुतिकेबद्दल ऐकले. ती फॅसिझमवर आहे आणि तरीही विनोदी आहे, असे सांगतात. ज्या विचारसरणीने लाखो माणसांचा जीव घेतला, तिच्यावर हसणे मला खटकते. आपले मत कळवावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे खटकणे रास्त आहे आणि गंमत म्हणजे ही श्रुतिका नेमक्या त्याच खटकण्यातून जन्मली आहे. रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेली ही श्रुतिका बिग फिनिश या संस्थेने 2003 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातला विनोद समजण्यासाठी आधी डॅलेक म्हणजे काय, हे ठाऊक असावे लागते. टेरी नेशन यांनी 1963 मध्ये या धातूच्या कवचात राहणाऱ्या परग्रहवासीयांची कल्पना केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नाझी होते. आपल्यापेक्षा वेगळा दिसेल तो जीव नष्ट करायचा, एवढाच डॅलेकांचा धर्म. 1964 च्या मालिकेत तर हे डॅलेक लंडनच्या रस्त्यांवर हात वर करून नाझी पद्धतीची सलामी देताना दिसतात. पण मुलांना ते इतके आवडले, की त्यांची खेळणी दुकानादुकानांतून विकली जाऊ लागली आणि वंशसंहाराचे प्रतीक वाढदिवसाच्या भेटवस्तूंत जाऊन बसले.

शिअरमन यांनी हाच धागा पकडून शेवटापर्यंत ताणला आहे. त्यांच्या कल्पित इतिहासात 1903 मध्ये डॅलेकांनी पृथ्वीवर स्वारी केली, मालिकेचा नायक, कालप्रवास करणारा डॉक्टर आणि त्याची वयस्क सहप्रवासी, इतिहासाची प्राध्यापिका इव्हलिन स्माइथ यांच्यामुळे ती फसली आणि शत्रूचे तंत्रज्ञान हाती लागलेल्या इंग्लंडने जगावर साम्राज्य उभारले. 2003 मध्ये या विजयाची शताब्दी साजरी होत आहे. डॅलेक आता चित्रपटांतले आणि बाजारातले करमणुकीचे साधन झाले आहेत. त्यांच्यातला जिवंत उरलेला एकजण मात्र लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्यात, शंभर वर्षे छळ सोसत कैदेत आहे आणि उत्सवाच्या दिवशी लोकांच्या डोळ्यांदेखत त्याला ठार मारण्याचा बेत आहे.

हसू येते ते या राज्याच्या रीतिरिवाजांचे. इथे इंग्रजीतली जोडरूपे गुन्हा ठरली आहेत. 'डोन्ट' म्हणायचे नाही, 'डू नॉट' असेच म्हणायचे. परिणामी सगळेजण, नवरा-बायकोसुद्धा, सरकारी परिपत्रक वाचून दाखवावे तसे बोलतात आणि एकांतात कोणी हळूच एखादे जोडरूप वापरले, तर तेच शृंगारासारखे ऐकू येते. या साम्राज्याचे अध्यक्ष रॉचेस्टर यांच्या पत्नीने चारचौघांत मंदबुद्धी बाहुलीसारखे वागायचे, कारण स्त्रियांनी तसेच असावे असा दंडक आहे; आणि आत मात्र ती नवऱ्याला उलथून टाकायचे डाव रचते आहे. ऐकताना आपण मनापासून हसतो. थोड्या वेळाने ध्यानात येते, की शुद्ध भाषा, शुद्ध वंश आणि हुकमाची ओढ ही सगळी डॅलेकांचीच मिरासदारी आहे आणि ती जिंकणाऱ्यांनी बिनबोभाट वारशाने घेतली आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की इथे बळी पडलेल्यांवर कोणी हसत नाही. ज्यांनी त्या संहाराची जत्रा केली आणि 'आपण तर विजेते, आपल्याला तो रोग कसा होईल' अशी स्वतःची समजूत घातली, त्यांची ही चेष्टा आहे. एक उणीव मात्र सांगायला हवी : उत्तरार्धात कालप्रवासाची गुंतागुंत इतकी वाढते, की धागा हातून सुटतो आणि मला काही प्रसंग दोनदा ऐकावे लागले.

प्रश्न : हीच गोष्ट दूरचित्रवाणीवरही आली, असे समजते. मग निव्वळ ऐकायची कशाला?
— त्याच पत्रातून

उत्तर : आली, पण अर्धीच. शिअरमन यांनीच 2005 मध्ये 'डॅलेक' हा भाग लिहिला, त्यात साखळदंडांत जखडलेला एकटा डॅलेक राहिला. साम्राज्य, जोडरूपांवरची बंदी, शताब्दीची जत्रा हे सगळे गेले आणि त्यांच्या जागी एका अमेरिकी धनाढ्याचे भूमिगत संग्रहालय आले. तो भागही उत्तमच आहे. परंतु डॅलेक मुळात मिरपुडीच्या मोठ्या डबीसारखा दिसतो, आणि तो समोर दिसला की थोडे हसू फुटतेच. श्रुतिकेत डबी दिसत नाही. इव्हलिन कोठडीत त्याच्याशी बोलते, तेव्हा आपल्यापर्यंत पोचतात ते एका वयस्क बाईचे शांत, काहीसे थकलेले शब्द आणि निकोलस ब्रिग्ज यांनी दिलेला तो घरघरता यांत्रिक आवाज. त्या दोघांपैकी कोणाची कीव करावी, हे काही क्षण सुचत नाही.

ऐकायला बसाल तेव्हा एक करा. सुरुवातीला एका भडक चित्रपटाची जाहिरात कानावर आदळते, ती चुकीची ध्वनिफीत लागली असे समजून बंद करू नका. नाटक तिथूनच सुरू झालेले असते.