एच-४ वर असताना कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांची फी मिळते का?

तुम्ही विचारलंय की गेल्या वर्षी १० सप्टेंबरला न्यू जर्सीहून फ्रीमाँटला आलात, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही त्याची बायको म्हणून एच-४ वर. बालशिक्षणाचा कोर्स करायचाय, पण कॉलेजने बाहेरच्या विद्यार्थ्याची फी सांगितली. मैत्रीण म्हणते एच-४ वाल्यांना रेसिडेन्सी, म्हणजे फीसाठी राज्याचे रहिवासी असल्याची मान्यता, मिळतच नाही. ते खरं का, आणि येत्या ऑगस्टच्या टर्मला जमेल का?

मैत्रिणीचं म्हणणं चूक आहे, आणि हे ऐकून कितीतरी बायका घरी बसून राहतात म्हणून सविस्तर लिहिते. कॅलिफोर्नियात एच-१बी आणि एच-४ वाले रहिवासी ठरू शकतात. एफ-१ (विद्यार्थी), एफ-२ (विद्यार्थ्याचा जोडीदार), जे-१ (एक्सचेंजवर आलेले) आणि बी-१/बी-२ (थोड्या दिवसांचे पाहुणे) यांची गोष्ट वेगळी. त्यांचा व्हिसाच 'शिकून किंवा फिरून परत जाणार' या अटीवर दिलेला असतो, त्यामुळे दहा वर्षं इथे काढली तरी ती मोजत नाहीत.

मी यातच अडकले होते. आधी एफ-२ वर दोन वर्षं इथे राहिले, मग नवऱ्याचा एच-१बी झाला आणि १ ऑक्टोबरपासून माझा एच-४ सुरू झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये मी फाइल घेऊन कॉलेजच्या ॲडमिशन्स ऑफिसात गेले. तीन वर्षांचे भाडेकरार, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं तारखेवार लावून. काउंटरवरच्या बाईंनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. आय-७९७, म्हणजे एच-४ मंजूर झाल्याचा सरकारी कागद, काढायला सांगितला, त्यावरच्या १ ऑक्टोबरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, तुमचं वर्ष इथून सुरू. मला अगदी रडू आलं, कारण एका विषयाची बाहेरच्यांची फी मी आधीच भरून बसले होते. ती परत मिळाली नाही. रेसिडेन्सी पुढच्या टर्मपासून लागू होते, मागची फी वळती होत नाही.

फरक किती, तर रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर. बाहेरच्याला या ४६ च्या वर वेगळी ट्यूशन, जी प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपली आपण ठरवतो आणि बहुतेक ठिकाणी युनिटला तीनशेच्या पुढेच असते. १२ युनिट घेतले तर एकीकडे ५५२ डॉलर, दुसरीकडे चार हजारांच्या वर. एका पगारावर चालणाऱ्या घरात शिकायचं की नाही हे या आकड्यावरच ठरतं.

आता तुमच्या तारखा. टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असला पाहिजे. तुम्ही १० सप्टेंबरला आलात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सुरू होणाऱ्या फॉल सेमिस्टरला थोडक्यासाठी हुकता. जानेवारीच्या स्प्रिंगला वर्ष पूर्ण भरतं. मधे एक वाट आहे: डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या टर्मवर, चालतात आणि त्यांचा फॉल सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. तिथे तुमचं वर्ष जेमतेम भरू शकतं. क्वार्टरचं युनिट लहान, म्हणून फी ३१ डॉलर. फ्रीमाँटहून डी अँझाला, म्हणजे कूपर्टिनोला, जायचा रस्ता संध्याकाळी जीव काढतो, ते मात्र लक्षात घ्या.

पण नुसतं राहणं पुरत नाही. इथेच कायमचं राहायचंय हा इरादाही वर्षभरापूर्वीपासूनचा दिसावा लागतो, आणि तो कागदावरून ठरतो. आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण इथे आहे. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, गाडी त्याची. नवरा-बायकोची रेसिडेन्सी मात्र ज्याची त्याची ठरते. लग्नाचं सर्टिफिकेट जोडून नवऱ्याचे कागद काही ठिकाणी चालवून घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. भाडेकरारावर तुमचं नाव आहे का ते आजच पाहा, नसेल तर लीझिंग ऑफिसात सांगून घालून घ्या. बँकेचं खातं जॉइंट असेल तर इथल्या पत्त्यावरची, जुन्यात जुनी स्टेटमेंट्स काढून ठेवा.

ड्रायव्हिंग लायसन्स अजून न्यू जर्सीचं असेल तर हा उद्योग आधी उरका. इथे राहायला आल्यावर १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं काढायचं असतं, आणि दुसऱ्या राज्याचं लायसन्स बाळगणं हा तुमच्या इराद्याच्या विरुद्धचा पुरावा धरला जातो. डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, मतदार नोंदणीबद्दल विचारतात. तिथे नाहीच म्हणायचं. मतदार नोंदणी हा रेसिडेन्सीचा पुरावा म्हणून कॉलेजच्या यादीत दिसेल, पण तो नागरिकांसाठी आहे. आपण चुकून जरी केली तर पुढे ग्रीन कार्डापर्यंत त्रास होतो.

टॅक्सकडेही बघा. तुम्ही वर्षाच्या मधे आलात, म्हणून राज्याचा रिटर्न ५४०एनआर फॉर्मवर, वर्षाच्या काही भागापुरते रहिवासी म्हणून भरला असेल. त्यात इथे कधी राहायला आलात ती तारीख असते. कॉलेजच्या फॉर्मवर तीच तारीख लिहा. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की फाइल बाजूला पडते.

काही जणी पुढे नोकरीच्या आशेने एफ-१ वर जातात. तसा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या की एफ-१ झालात की रहिवाशाची फी गेली. आणि बालशिक्षणाचे युनिट झाले तरी शाळेत पगारावर काम करायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतोच. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर त्यासाठी अर्ज करता येतो.

मधल्या महिन्यांत रिकामं बसू नका. कॉलेजांचे नॉनक्रेडिट वर्ग (ज्यांचे युनिट डिग्रीत धरत नाहीत), विशेषतः इंग्रजीचे, फुकट असतात आणि तिथे रेसिडेन्सीचा प्रश्नच येत नाही.

कॉलेजने तुम्हाला सिस्टीममध्ये आधीच बाहेरचं म्हणून नोंदलंय, तेव्हा वर्ष भरलं की ते आपोआप बदलणार नाही. रीक्लासिफिकेशनचा, म्हणजे बाहेरच्याचं रहिवासी करून घ्यायचा, फॉर्म तुम्हीच मागून घ्या आणि टर्म सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्या. भाडेकरार कोणत्या तारखेचा आहे आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते इथे कळवलंत तर डी अँझाचा फॉल जमतो का ते बघून सांगते.