ओढ्याच्या कडेने उतरावे का?

प्रश्न : पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकली आणि अंधार पडू लागला, तर ओढ्याच्या कडेने खाली उतरावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कृपया उतरू नये. सपाट मुलखात ओढा गावाशी नेईलही. परंतु सह्याद्रीत, विशेषतः कोकणाच्या अंगाला, तोच ओढा धबधबा होऊन कड्यावरून कोसळतो, आणि शेवाळलेल्या कातळावरून परत वर चढणे फार अवघड असते. उजेड असेल आणि शेवटची ओळखीची खूण पक्की आठवत असेल, तरच तिथवर मागे फिरावे. एरवी कड्यापासून व पात्रापासून दूर, वाऱ्याच्या आडोशाला थांबावे. एका रात्रीची भूक सोसता येते, पण ओली थंडी जिवावर बेतते, हे पुष्कळांना पटत नाही. भिजलेले सुती कपडे अंगातली ऊब ओढून घेतात, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरडा सदरा सॅकेत असावाच, आणि ओल्या जमिनीऐवजी सॅकवर बसावे. सोबत्याची बोटे बटण लावताना अडखळू लागली किंवा जीभ जड झाली, तर त्याला तत्काळ कोरडे करून मध्ये घ्यावे. रेंज मिळाल्यास 112 लावावा. शिट्टी मिनिटात सहा वेळा वाजवावी आणि मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करावी.