मुलीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी राहता फ्लॅट तारण ठेवावा का?

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका वाचकांनी लिहिलं आहे. मुलगी सयाजीराव विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली असून औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी सांभाळणाऱ्या कंपनीत तिला महिना ४२,००० रुपये मिळतात. एकाच देशात कुणाची मुलं जगतात, कुणाची दगावतात, हे का होतं याचा अभ्यास तिला करायचा आहे. त्यासाठी अमेरिकेत बायोस्टॅटिस्टिक्सच्या, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या शास्त्राच्या, दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. ४० लाखांचं कर्ज लागेल, बँक राहता फ्लॅट तारण मागते आहे. वडील दोन वर्षांत खासगी नोकरीतून निवृत्त होतील.

नमस्कार. आधी उत्तर सांगतो: फ्लॅट तारण ठेवू नका, पण मुलीला या विषयापासून परावृत्तही करू नका.

"या लाइनमध्ये काही आहे का?" असं तुम्ही विचारलंत. आहे, आणि खूप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हजार जिवंत जन्मांमागे दगावणारी तान्ही बाळं शहरांत २६.६, तर खेड्यांत ३८.४ निघाली. या फरकात आईच्या शिक्षणाचा वाटा किती, पैशाचा किती, दवाखान्याच्या अंतराचा किती, हे वेगळं काढून दाखवणं हे तुमच्या मुलीला करायचं असलेलं काम. सरकारने पैसा कुठे घालावा, हे त्यावरून ठरू शकतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण पगाराचं बोलायचं तर सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात आपल्याकडे औषध कंपन्यांपेक्षा कमीच मिळतं, नेमणुकाही बहुतेक प्रकल्पापुरत्या असतात.

आता हप्त्याचं बघू. व्याज १० टक्के धरलं आणि निम्मी रक्कम पहिल्या वर्षी, निम्मी दुसऱ्या वर्षी उचलली, तर शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष संपेपर्यंत ४० लाखांचे ५० लाख होतात. दहा वर्षांच्या फेडीत हप्ता बसतो सुमारे ६६,००० रुपये. अमेरिकेत नोकरी टिकली तर तो जड नाही. नाही टिकली तर इथल्या पगारातून तो निघणार नाही, आणि तोवर तुमचा पगार थांबलेला असेल. करसवलतीच्या भरवशावरही राहू नका. ८०ई म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त व्याजावर, फक्त जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते.

तिथे नोकरी टिकेल का, याची खात्री आज कुणी देऊ नये. पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानात मोडणारा अभ्यासक्रम असेल तर आणखी दोन वर्षं काम करता येतं. त्यापुढे नोकरीसाठी लागणारा एच-१बी व्हिसा सोडतीवर. त्यातही तिचा विषय नेमका अडचणीत आहे. आरोग्यातल्या विषमतेवरच्या संशोधनाची अनेक अनुदानं अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये बंद केली, आणि या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्थाच गुंडाळण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात मांडला. वारं फिरेलही, पण घर पणाला लावून त्याची वाट पाहू नये.

मला खटकलं ते वेगळंच. मुलीची एम.एस्सी. झालेली आहे, मग पुन्हा मास्टर्स कशाला? अमेरिकेत बायोस्टॅटिस्टिक्सच्या पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. मास्टर्सचा विद्यार्थी सहसा स्वतःच्या खिशातून भरतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तुमच्या मुलीनेही दुसऱ्याच्या पैशावर शिकायचा हक्क आधी बजावून पाहावा. अनुदानं आटल्यामुळे जागा कमी झाल्या आहेत, तेव्हा एकाच देशावर विसंबू नका. युरोपातल्या पगारी पीएच.डी. आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही यादीत असू द्या. कुटुंब आरोग्य पाहणी हीच संस्था करते.

पुढचं दीड वर्ष तिने नोकरी सोडू नये. पाहणीचे जिल्हावार तक्ते सगळ्यांना खुले आहेत. बडोदा आणि शेजारचा छोटा उदेपूर, एवढे दोनच जिल्हे घेऊन तिने विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकांबरोबर एक नीट निबंध लिहावा. पीएच.डी.च्या अर्जात त्याला वजन येतं. पगारातले २०,००० दरमहा आवर्ती ठेवीत टाकले तर मुद्दलच ३,६०,००० जमेल. अर्ज, परीक्षा, व्हिसा, तिकीट आणि तिथले पहिले दोन महिने यासाठी सहा-सात लाख हाताशी हवेत. उरलेले तुमच्या मुदत ठेवीतून द्या, पण पीएफला हात लावू नका.

एवढं करूनही मास्टर्सच करायचं ठरलं, तर माझी मर्यादा १२ लाखांच्या कर्जाची, तेही घर तारण न ठेवता. याच हिशेबाने हप्ता २०,००० च्या आसपास येतो आणि परत यावं लागलं तरी ती तो स्वतः फेडू शकते. त्यासाठी विद्यापीठाने फीमध्ये मोठी सूट द्यायला हवी. ती मिळेल का आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हे दोन्ही प्रश्न मुलीने विद्यापीठाला आत्ताच ईमेलने विचारावेत. लेखी उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका आणि फ्लॅटची मूळ कागदपत्रं बँकेत देऊ नका.